‘ढ’ म्हणण्यापूर्वी : काही मुलांना शिकणे अवघड का जाते?

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक सर्व अक्षरांची रूपे पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काहीच सुधारणा होत नाही अशा विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणू लागले, असे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यात एक क्रूर विनोद दडलेला आहे. ज्या मुलाला अक्षरच नीट ओळखता येत नाही, त्याच्या कपाळी आपण एक अक्षरच चिकटवून देतो, आणि ते त्याला पुढे जन्मभर पुसता येत नाही.

बेळगाव-निपाणी परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांच्या दवाखान्यात अशी मुले येत असतात. ‘पोराचं अभ्यासात लक्ष नाही’ ही तक्रार ताप-खोकल्याइतकीच परिचयाची आहे. तिच्यावर आपण काय करतो आणि काय करावयास हवे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. लेख डॉक्टर बंधुभगिनींसाठी आहे, तसाच पालकांसाठी आणि शिक्षकांसाठीही आहे.

एक जुनी चूक

आरंभ स्वतःच्या चुकीपासून करतो. २००३ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. निपाणीजवळच्या एका खेड्यातून एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्या घरी विड्या वळीत. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करीत. मुलगा मराठी शाळेत पाचवीत होता. आपण त्याला राजू म्हणू. त्याचे खरे नाव येथे देण्याचे कारण नाही.

बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पोराला काय तर ताकदीचं औषध द्या. घरात शहाण्यागत बोलतंय, हिशेब तोंडी करतंय, पण पुस्तक हातात घेतलं की घाम फुटतोय बघा.”

मी त्याला सहज विचारले, “आईने आज आठशे विड्या वळल्या. पंचवीसचा एक कट्टा. कट्टे किती?” क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, “बत्तीस.” मग भिंतीवरील लसीकरणाच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हटले, “हे वाच.” तो बराच वेळ पाहत राहिला. पहिले अक्षर सुटे उच्चारले, दुसऱ्याला अडखळला आणि मान खाली घालून गप्प झाला.

हे दोन प्रसंग एकाच मिनिटात माझ्यासमोर घडले. निदान त्यांतच होते. परंतु मी डोळ्यांच्या खालच्या पापण्या पाहिल्या, त्या फिकट होत्या. जंताचे औषध दिले, लोहाचे औषध दिले, एक टॉनिक लिहिले आणि कागदावर शेरा मारला : ‘अभ्यासात लक्ष नाही. शिकवणी लावावी.’ रक्त वाढले. वाचन वाढले नाही. दोन वर्षांनी राजूने सातवीतून शाळा सोडल्याचे कळले. तेव्हाही त्यात आपला काही वाटा आहे, असे माझ्या मनात आले नाही.

विकार नवा नाही

बुद्धी चांगली, दृष्टी चांगली, श्रवण चांगले, शिकवणीही पुरेशी. तरी वाचता येत नाही, या कोड्याची नोंद वैद्यकाने सव्वाशे वर्षांपूर्वीच केली आहे. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ मध्ये मेंदूच्या आजारानंतर वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढ रुग्णांसाठी ‘शब्दांधत्व’ ही कल्पना मांडली. १८८७ मध्ये बर्लिन या नेत्रतज्ज्ञांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द योजला. पुढे ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा हुशार होता, खेळात तरबेज होता, अंकगणित त्याला आवडे. परंतु स्वतःचे नाव लिहितानाही त्यातील अक्षरांची अदलाबदल होई. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे. हे वर्णन वाचताना मला प्रत्येक वेळी ते बत्तीस कट्टे आठवतात.

१९६३ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल कर्क यांनी अशा सर्व अडचणींसाठी ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली. आज तिचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. वाचनात अडथळा असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिस्ग्राफिया आणि गणनात असेल तर डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन किंवा तिन्ही प्रकार एकत्र आढळणे मुळीच दुर्मीळ नाही.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालयाने या क्षेत्रात मोलाचे काम केले. डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोहोचला. मात्र १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात या अक्षमतेला स्थान नव्हते. ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मिळाले. त्यातील एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

आपल्या बेळगावची पाहणी

‘हे सारे मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतले आजार’ असा एक समज आपल्याकडे आहे. त्याला उत्तर देणारी पाहणी आपल्याच गावात झालेली आहे. बेळगाव शहरातील प्राथमिक शाळांतील तिसरी-चौथीच्या, म्हणजे आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास येथील संशोधकांनी केला आणि तो २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्समध्ये प्रसिद्ध झाला. टप्प्याटप्प्याने चाळणी लावून, म्हणजे दृष्टी, श्रवण, बुद्ध्यंक यांचे दोष वगळून, शेवटी १५.१७ टक्के मुलांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आढळली. लेखनाची अडचण १२.५ टक्के, वाचनाची ११.२ टक्के आणि गणिताची १०.५ टक्के मुलांत होती.

जगभरच्या पाहण्यांत शालेय मुलांतील हे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के येते. चाचणी कोणती आणि मर्यादारेषा कोठे आखली यावर आकडा बदलतो, हे खरे. तथापि बेळगावचा आकडा निम्म्याने कमी धरला तरी चाळीस मुलांच्या प्रत्येक वर्गात अशी तीन मुले बसलेली आहेत, असा त्याचा अर्थ होतो. ती मुले कोणती, हे आपल्याला ठाऊक नसते, इतकेच.

वाचन म्हणजे काय?

बोलणे मूल आपोआप शिकते. वाचणे मात्र कोणीतरी शिकवावे लागते. मानवजात बोलू लागली त्याला लक्षावधी नसली तरी सहस्रावधी पिढ्या होऊन गेल्या असतील. लेखनकला मात्र अवघी पाच हजार वर्षांची आहे. मेंदूत वाचनासाठी जन्मजात असे वेगळे केंद्र नाही. वस्तू व चेहरे ओळखणारा डाव्या बाजूचा मागील भाग आणि ध्वनी व अर्थ सांभाळणारे भाषेचे भाग यांच्यात सरावाने नवी वाट तयार करावी लागते. बहुतेक मुलांत ही वाट दोन-तीन वर्षांत मळते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलात ती मळण्यास फार वेळ लागतो. बहुतांश मुलांत मुख्य अडचण डोळ्यांची नसते, ध्वनीची असते. शब्दाचे लहान ध्वनींत तुकडे पाडणे, ते क्रमाने लक्षात ठेवणे आणि चिन्हाशी झटपट जोडणे यांत त्याचा मेंदू संथ असतो. ही प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. आई-वडिलांपैकी एकाला ती असल्यास मुलात येण्याची शक्यता निम्म्याच्या जवळपास पोहोचते.

आपल्या लिप्यांचे वैशिष्ट्यही ध्यानात घ्यावयास हवे. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. पण त्यांच्या उच्चारांत मेळ नाही. मराठी ‘उच्चाराप्रमाणे लेखन’ असलेली भाषा म्हणून सोपी समजली जाते. परंतु चौतीस व्यंजनांच्या बाराखड्या केल्या तरी चारशेहून अधिक चिन्हे होतात. जोडाक्षरे आणखी निराळी. ह्रस्व वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. ‘र’ तर बहुरूपीच आहे. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ या चार शब्दांत त्याची चार रूपे दिसतात. ‘चमचा’ या एका शब्दातील दोन ‘च’ही सारखे उच्चारले जात नाहीत. भ-म, घ-ध, ब-व, थ-य ही रूपसाम्याची जोडपी आहेतच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनाविषयी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, अशा अक्षरप्रधान लिपीत सर्व चिन्हे आत्मसात करण्यास सर्वसाधारण मुलालाही चौथीपर्यंतचा काळ लागू शकतो. तेव्हा पहिलीत ‘जोडाक्षरे येत नाहीत’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र चौथीत ती येत नसतील तर स्वस्थ बसणेही योग्य नाही.

सीमाभागाचा विशेष पेच

१ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेने हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्या प्रश्नाचा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वैद्य म्हणून आपल्यासमोर असते ते मूल, आणि त्या मुलाच्या पाटीवर पहिल्या काही वर्षांतच तीन लिप्या येतात. घरी मराठी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी माध्यम, सोबत कन्नड. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार कन्नड ही पहिली वा दुसरी भाषा म्हणून शिकावयाची असते.

मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. वर्णमालेचा क्रम एकच. हा मुलाला मोठा आधार असतो. परंतु मांडणीत फरक आहेत. मराठीत अक्षराच्या डावीकडे येणारी ह्रस्व वेलांटी कन्नडात अक्षराच्या माथ्याला जोडलेली असते. मराठी रफार डोक्यावर बसतो, कन्नडात तो अक्षराच्या उजवीकडे येतो. कन्नड जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली ‘ओत्तु’ म्हणून लटकते. कन्नडात ‘ए’ आणि ‘ओ’ ह्रस्व व दीर्घ असे वेगळे लिहितात. मराठी कानाला तो भेद सवयीचा नसतो. सर्वसाधारण मूल हे सारे हळूहळू पचविते. ज्याच्या मेंदूत एकाच लिपीची वाट मळत नाही, त्याला तीन वाटा एकदम तुडवाव्या लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक भाषा शिकल्याने डिस्लेक्सिया होत नाही. दोन भाषा सहज बोलणारे मूल हे सीमाभागाचे वैभव आहे, व्याधी नव्हे. परंतु अनेक भाषांच्या गर्दीत दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली, ज्याला खरी अक्षमता आहे त्याला ‘कन्नड येत नाही म्हणून मागे आहे’ अथवा ‘घरी इंग्रजी नाही म्हणून असे होते’ असे म्हणून सोडून दिले जाते. दुसरी, ज्याला केवळ शाळेची भाषा अपरिचित आहे त्या निरोगी मुलावर अक्षमतेचा शिक्का बसतो.

या दोहोंतील फरक ओळखण्याची साधी कसोटी अशी : मुलाची तपासणी प्रथम त्याच्या घरच्या भाषेत करावी. मराठी घरातील मूल पुरेशी शिकवण मिळूनही मराठीत अडखळत असेल, वाचून दाखविलेला धडा त्याला उत्तम समजत असेल पण स्वतः वाचलेला समजत नसेल, आणि हीच अडचण कमीअधिक प्रमाणात तिन्ही लिप्यांत दिसत असेल, तर अक्षमतेची शंका घ्यावी. मराठी सरळ वाचतो पण कन्नड वा इंग्रजी येत नाही, अशा मुलाला वैद्याची गरज नाही. त्याला ती भाषा प्रेमाने शिकविणाऱ्या शिक्षकाची गरज आहे.

प्रत्येक मागे पडलेले मूल डिस्लेक्सियाचे नव्हे

अक्षमतेचे निदान हे शेवटी करावयाचे असते. त्यापूर्वी पुढील कारणे एकेक करून तपासावीत.

१. दृष्टी : फळ्यावरचे उतरवून घेताना चुकणारे मूल लघुदृष्टीचे असू शकते. चष्म्याने सुटणारा प्रश्न छडीने सुटत नाही.

२. श्रवण : वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. तो बहिरा वाटत नाही. पण ‘त-द’, ‘प-ब’ यांतील भेद त्याच्या कानी नीट पडत नाहीत.

३. रक्तक्षय व पोषण : २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या अभावाचा अवधानावर परिणाम होतो. त्यावर उपचार अवश्य करावा. परंतु तेथेच थांबू नये. मी थांबलो होतो.

४. थायरॉइड, अपस्मार व झोप : बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणारे मूल ‘स्वप्नाळू’ नसून त्याला अपस्माराचे लहान झटके येत असतील. तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यावयास लावल्यास असा झटका पुष्कळदा आपल्यासमोरच दिसतो. रात्री घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल दिवसा पेंगते.

५. आपणच दिलेली औषधे : फेनोबार्बिटोनसारखी फिट्सची जुनी औषधे आणि सर्दीची गुंगी आणणारी औषधे यांनी लक्ष मंदावते.

६. अवधानाचा विकार : चंचल, उतावीळ, एका जागी न बसणारे अथवा शांत बसूनही हरवलेले मूल. हा विकार अध्ययन अक्षमतेसोबत पुष्कळदा आढळतो आणि त्याला स्वतंत्र उपचार आहेत.

७. सर्वसाधारणपेक्षा थोडी कमी बुद्धी : ही मुले सर्वच विषयांत आणि व्यवहारातही संथ असतात. त्यांना सोपा व सावकाश अभ्यासक्रम हवा.

८. मन व घर : वडिलांचे व्यसन, आई-वडिलांतील भांडणे, घरातील मृत्यू, वर्गातील चिडवणूक. काही महिन्यांत अचानक मागे पडलेल्या मुलाच्या बाबतीत प्रथम हेच विचारावे.

९. शाळेतील खंड : ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मूल अथवा मार्च २०२० नंतरच्या शाळाबंदीत ज्याची पहिली-दुसरी वाया गेली असे मूल. न शिकविलेले न येणे ही अक्षमता नव्हे.

याखेरीज एक गोष्ट आपल्या परिसराला विशेष लागू पडते. गरोदरपणात मिश्री वा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमनी कमी भरते, असे मुंबईतील पाहणीत दिसून आले. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांत पुढे शिकण्याच्या अडचणी अधिक आढळतात. तंबाखूच्या मुलखात राहणाऱ्या आपण डॉक्टरांनी मुलाच्या अभ्यासाची काळजी त्याच्या आईच्या गरोदरपणापासूनच घ्यावयास हवी.

पालकांनी काय पाहावे?

शाळेत जाण्यापूर्वी : बोलण्यास उशीर, बडबडगीतांतील यमके न उमगणे, रंगांची व वारांची नावे वेळेवर न आठवणे.

पहिली-दुसरीत : अक्षर व उच्चार यांची जोडी न बसणे, काना-मात्रा गाळणे, पाठ केलेला धडा ‘वाचून’ दाखविणे पण मधलाच शब्द विचारल्यास अडणे. इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ उलटे काढणे हे सात वर्षांपर्यंत पुष्कळ निरोगी मुलांतही दिसते. केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

तिसरी ते पाचवीत : अतिशय संथ, सुटेसुटे वाचन, जोडाक्षरे टाळणे, तोंडी उत्तर उत्तम व लेखी उत्तर दरिद्री, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणे, हातच्याची गणिते चुकणे.

त्यापुढे : वाचन टाळणे, पोटदुखी-डोकेदुखीचे सोमवार, खोटे बोलणे, वर्गात विदूषकपणा अथवा मारामारी. ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मी करतच नाही’ म्हणणे मुलाला कमी लाजिरवाणे वाटते. खोड्या ही पुष्कळदा त्या लाजेवरची पांघरलेली शाल असते.

तपासणी आणि दाखला

शंका आल्यास बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून तपासणी करावयाची असते. शासनाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला स्वीकारण्यात आली. त्यांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुनर्तपासणी होते. या सूचनांत २०२४ मध्ये सुधारणा झाली. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ताजे नियम पाहून घ्यावेत. मात्र मदतीला प्रमाणपत्राची वाट पाहू नये. सहाव्या वर्षी शंका आली तर सहाव्याच वर्षी विशेष शिकवण सुरू करावी.

चाचणी कोणत्या भाषेत होते, हे आपल्याकडे निर्णायक आहे. मराठी माध्यमाच्या मुलाची परीक्षा मराठी न जाणणाऱ्या परीक्षकाने इंग्रजीत घेतली, तर येणारा निष्कर्ष त्या मुलाविषयी फारसे काही सांगत नाही. या दृष्टीने मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणीमाला आपल्याला फार उपयुक्त आहे. २०१५ च्या सुमारास ती हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या चार भाषांत उपलब्ध झाली. मराठी आणि कन्नड दोन्ही असणे हे जणू आपल्याच परिसरासाठी केलेले आहे. तिच्यातील प्राथमिक चाळणी शिक्षकांनाही करता येण्यासारखी आहे.

निपाणीचे कुटुंब स्वाभाविकपणे कोल्हापूरला जाते, बेळगावचे धारवाडला वा बंगळूरला. उपचार कोठेही घ्यावेत; परंतु परीक्षेच्या सवलती मूल ज्या बोर्डाच्या परीक्षेला बसते त्या बोर्डाच्या नियमांप्रमाणे मिळतात. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात आहे. रस्ता ओलांडला की राज्य बदलते आणि राज्याबरोबर कागदही बदलतात. वाढीव वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट या गोष्टी कोणत्या दाखल्यावर मिळतील, हे पालकांनी आठवी-नववीतच शाळेत लेखी विचारून ठेवावे. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणाऱ्या पालकांची निराशा होते, असा अनुभव आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीयादीत अध्ययनाच्या विकाराचा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाला शिक्षकांनी अशी मुले आवर्जून दाखवावीत.

उपाय

या अक्षमतेवर गोळी नाही. टॉनिक, ‘मेंदूची’ चूर्णे, स्मरणशक्तीची सरबते यांनी वाचन सुधारत नाही. डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचे चष्मे यांच्या उपयोगाला पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे. उपाय एकच, आणि तो शिक्षणाचाच : पद्धतशीर, क्रमाक्रमाने, ध्वनीपासून अक्षराकडे, अनेक इंद्रियांच्या साहाय्याने दिलेली शिकवण.

घरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. शब्दांचे टाळ्या वाजवून तुकडे पाडावेत : क-म-ळ, तीन टाळ्या. परातीत पसरलेल्या ज्वारीच्या पिठावर वा वाळूत बोटाने मोठे अक्षर गिरवीत त्याचा उच्चार मोठ्याने करावा. एका आठवड्यात दोन-तीनच अक्षरे घ्यावीत. दिसायला सारखी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण खंड नको. आपल्याकडे हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पाने, बिया, शंख-शिंपले हाताळीत मुलांना शिकते केले. अक्षर हाताला कळले की डोळ्याला कळणे सोपे जाते, हे तत्त्व येथेही लागू आहे.

शाळेत शिक्षकांनी अशा मुलाला वर्गासमोर मोठ्याने वाचावयास लावू नये, उत्तरे शक्य तेव्हा तोंडी घ्यावीत, शुद्धलेखनाचे गुण आशयाच्या गुणांतून कापू नयेत, पुढच्या बाकावर बसवावे. आणि ज्यात ते मूल चमकते, मग ते चित्र असो, कुस्ती असो वा यंत्र उघडून जोडणे असो, त्याची दखल सर्वांदेखत घ्यावी.

अखेरीस

राजूने शाळा सोडल्यानंतर तो एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागला. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे. जळालेली मोटार पाहून किती वेढ्यांची तार लागेल, हे तो तोंडी सांगतो. बिल मात्र बायको लिहिते. काही वर्षांपूर्वी तो आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. दुसरीतली मुलगी, बोलायला चुणचुणीत. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हिला पण अक्षरं लागत नाहीत. मला औषध नको. माझ्यागत हिची शाळा सुटू नये, एवढंच बघा.”

या वेळी मी औषध लिहिले नाही. कागदावर सर्वांत वर ‘वडिलांनाही वाचनाची अडचण’ अशी नोंद केली, दृष्टी व श्रवण तपासून घेतले, घरच्या भाषेत चाळणी केली आणि मुलीला विशेष शिक्षिकेकडे पाठविले. तिच्या वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी लिहिली. ती मुलगी आज पाचवीत आहे. सावकाश वाचते, जोडाक्षराला अजून अडते; पण शाळेत जाते आणि सोमवारी तिचे पोट दुखत नाही. तिच्या वडिलांसाठी वीस वर्षांपूर्वी हे करता आले असते का? कायदा नव्हता, मराठी चाचणी नव्हती, विशेष शिक्षक जवळपास नव्हते, हे सर्व खरे. परंतु ‘हा मुलगा हुशार आहे, त्याची अडचण वेगळी आहे’ एवढे त्याच्या आईला आणि त्याच्या गुरुजींना सांगण्यासाठी यांपैकी कशाचीच आवश्यकता नव्हती.

डॉक्टर मित्रहो, आपल्या दवाखान्यात मराठीतील व कन्नडातील एकेक सोपा परिच्छेद कार्डावर लिहून ठेवूया. अभ्यासाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला आपण दोन मिनिटे वाचावयास लावू आणि दोन मिनिटे त्याच्याशी गप्पा मारू. बोलण्यातील मूल आणि वाचण्यातील मूल यांत मोठे अंतर दिसले, तर औषधांच्या चिठ्ठीआधी पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहू. पालकहो आणि शिक्षकहो, आपणही एवढेच करा : ‘ढ’ हे अक्षर बाराखडीतच राहू द्या, ते कोणत्याही मुलाला लावू नका.